मशेरीच्या डब्यावरचं चित्र

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. सिगारेटच्या पाकिटावर सडलेल्या तोंडाचं जे चित्र असतं, ते नियमाप्रमाणे पुरेसं मोठं आहे की नाही, हे मी पट्टी लावून बघते. पट्टी आता संगणकातली आहे, एवढाच फरक. बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं सात-आठ जणांचं ऑफिस आहे. छापखान्यांकडून पाकिटांची आणि लेबलांची आर्टवर्क येतात, आणि छपाईला जाण्याआधी त्यात काही चुकलंय का ते आम्ही बघतो. औषधं असतात, बिस्किटं असतात, लहान बाळांचं खाणं असतं. तंबाखूचं काम माझ्याकडे आलं, कारण ते इतर कुणाला नको होतं आणि मी नवीन होते.

नंतर मला ते आवडायला लागलं, हे कबूल करते. आपल्याकडे पाकिटाच्या पुढच्या-मागच्या बाजूंचा पंच्याऐंशी टक्के भाग इशाऱ्याला द्यावा लागतो. आफ्रिकेतल्या आणि आपल्या शेजारच्या देशांची पाकिटंही आमच्याकडे येतात. कुणाकडे निम्मा भाग, कुणाकडे दोन भाषा, कुणाकडे नुसतीच अक्षरं. उरलेल्या जागेत डिझायनर लोक सोनेरी रेघा, मुकुट, चमकणारी नक्षी असं काय काय कोंबतात. कधीकधी इशाऱ्याचं चित्र किंचित फिकं करून पाठवतात. तोंडातली जखम जरा गुलाबी, जरा सौम्य. मी ते पकडते आणि लाल खुणा करून परत पाठवते. लोकांना खरं दिसलं पाहिजे, असं मला मनापासून वाटायचं. घरी कुणी पाहुणा सिगारेट ओढायला बाल्कनीत गेला की मी त्याला ऐकवल्याशिवाय राहायची नाही.

वडील गेल्यावर आई कराडजवळच्या आमच्या गावाहून माझ्याकडे राहायला आली. सर्जापूर रोडला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, अकराव्या मजल्यावर. आईच्या सामानात दोन पिशव्या कपडे, देव्हाऱ्यातले चार देव आणि एक पत्र्याचा डबा होता. तळहाताएवढा, चौकोनी, झाकणावर गुलाबाचं फूल. कधीकाळी त्यात गोळ्या होत्या. माझ्या आठवणीत तरी त्यात कायम मशेरीच होती.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, बारीक कुटायची आणि ती पूड बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची. आमच्याकडच्या बायका सकाळी उठल्या की मशेरी लावतात, दुपारी जेवल्यावर लावतात, संध्याकाळीही लावतात. तोंडात बोट घालून निवांत बसलेली बाई हे आमच्या गल्लीतलं रोजचं दृश्य. आईला ती आठ-नऊ वर्षांची असताना लागली. दाढ दुखत होती म्हणून तिच्या आईने लावली, दाढ थांबली आणि मशेरी राहिली. मलाही आईने एकदा लावली होती. मी गरगरून उलटी केली, मग झोपले, आणि उठले तेव्हा दाढ खरंच शांत होती. पुढे मी शिकायला पुण्याला गेले आणि टूथपेस्टवाली झाले, नाहीतर माझाही एक डबा असता.

आई आल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी तिची मशेरी संपत आली. तिला तंबाखू हवी होती. आमच्या भागातल्या काचेच्या दारांच्या दुकानांत तसली मिळेना, म्हणून मी तिला मल्लेश्वरमला घेऊन गेले. तिथे बाजाराच्या गल्लीत एक जुनं मराठी दुकान आहे. दुकानदार म्हातारे आहेत, त्यांच्या चार पिढ्या इथेच गेल्या. मराठी बोलतात, पण मध्येच कानडी शब्द असे टाकतात की आईला आधी वाटलं, ते तिची थट्टाच करतायत.

त्यांनी तंबाखूचा पुडा काढून फळीवर ठेवला. पुड्यावर नेहमीचं चित्र होतं, ओठाच्या कडेला फुललेली गाठ.

आईने तोंड फिरवलं. "ह्ये नगं. द्येवाच्या खोलीत ठिवायचं मला. अभद्र दिसतंय."

"अक्का, चित्राकडं बगूच नका," ते म्हणाले. "ते खानाऱ्या लोकांसाटी असतंय. मी कागदात बांदून देतो, सरी? चालंल?"

त्यांनी पुडा फोडला, तंबाखू वर्तमानपत्राच्या कागदात ओतली आणि दोऱ्याने बांधली. रिकामा पुडा टोपलीत टाकला. मी बाजूलाच उभी होते. मी तो पुडा नीट पाहिला होता. चित्राची छपाई एका बाजूला सरकलीय आणि लाल रंग जास्त पडलाय, हे माझ्या लगेच लक्षात आलं होतं. त्याच्या पलीकडचं काहीही माझ्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर आईने तवा चढवला. पाच मिनिटांत मी खोकत बाल्कनीत पळाले. धूर दाराबाहेरच्या बोळात गेला आणि तिथला अलार्म कोकलायला लागला. सिक्युरिटीवाला धावत वर आला. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच मेसेज पडला की अकराव्या मजल्यावर कुणीतरी घरात सिगारेट ओढतंय, मुलाबाळांचा विचार करा. मला भयंकर राग आला. मी लिहिलं, आमच्या घरात कुणीही तंबाखूला हात लावत नाही, माझी आई स्वयंपाक करत होती. ते मी खोटं म्हणून लिहिलं नाही. मला खरंच तसं वाटत होतं. आईने तवा उतरवला, खिडक्या उघडल्या आणि सिक्युरिटीवाल्याला चहा दिला.

डिसेंबरात आईला तिखट खाताना झोंबायला लागलं. खालच्या ओठाच्या आत, हिरडीपाशी. तिने आधी सांगितलंच नाही, नुसतीच आमटी पाणी घालून पातळ करून घ्यायला लागली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुजी मिरचीच इकडची कडक हाय." आठवडाभराने मी तिला आमच्याच रस्त्यावरच्या दाताच्या दवाखान्यात घेऊन गेले.

काउंटरवर एक फॉर्म मिळाला. नाव, वय, मधुमेह, रक्तदाब. त्याखाली रकाना होता: धूम्रपान, तंबाखूसेवन. हो, नाही. आई शेजारी बसून काचेच्या टाकीतला मासा बघत होती. मी तिला विचारलंसुद्धा नाही. 'नाही'वर खूण केली आणि फॉर्म परत दिला.

डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला फार गोड. तिने आईचा ओठ खाली ओढला, आरसा लावला, बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाली की पांढरा चट्टा आहे. फॉर्म परत वाचला आणि पुन्हा विचारलं, तंबाखू नाही? मी ठामपणे म्हटलं, नाही. आमच्या घरात कुणीच नाही. मी तर याच क्षेत्रात काम करते, असंही वर सांगितलं. ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. ती म्हणाली, मग कदाचित एखादा दात ओठाला घासत असेल. आईचा पुढचा वरचा दात अर्धा तुटलेला आहे, तिरका. माझ्या मावशीच्या लग्नात पैजेवर ऊस सोलताना तुटला होता, आणि ती गोष्ट गावात अजून सांगतात. डॉक्टरने त्याची धार गुळगुळीत केली, औषध दिलं, चट्ट्याचा फोटो काढून ठेवला आणि तीन आठवड्यांनी बोलावलं.

तीन आठवडे आई औषध लावत होती आणि त्याच बोटाने मशेरीही लावत होती. मी रोज सकाळी तिच्यासमोर चहा पीत बसत होते.

दुसऱ्या वेळी चट्टा तसाच होता, उलट कडेने जरा जाड झालेला. डॉक्टर गोंधळली होती. तिच्या हाताखाली एक वयस्कर बाई मदतीला होत्या, सगळे त्यांना अक्का म्हणत. त्या आईच्या गळ्याभोवती कागद बांधत होत्या. बांधता बांधता थांबल्या आणि त्यांनी आईचा उजवा हात उचलला. तर्जनी दिव्याखाली धरली. बोटाचं टोक तपकिरी होतं, नखाच्या कडेला काळी रेघ. त्यांनी ते नाकाजवळ नेलं.

"होगेसोप्पु," त्या डॉक्टरला म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाल्या, "तंबाखू है ना? मेरी सास का भी उंगली ऐसाच था."

आई हसली आणि मला म्हणाली, "मशेरी हाय म्हणून सांग की त्यास्नी. दात घासायची."

मशेरी तंबाखूची असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. तंबाखू मीच विकत आणून दिली होती, मीच धुरात खोकले होते. पण तंबाखू म्हणजे पाकीट, पुडी, टपरी, पुरुष. आईचं बोट त्यात कधी आलंच नव्हतं. मी फॉर्मवर केलेली खूण डॉक्टरच्या हातातच होती. ती मला रागावली नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. तिने चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवला आणि रिपोर्टला आठवडा लागेल असं सांगितलं.

तो आठवडा मी वाईट वागले. घरी आल्या आल्या डबा घेतला आणि कपाटावर, तिचा हात पोचणार नाही अशा जागी टाकला. मग तिला नाही नाही ते बोलले. अडाणीपणा, हट्टीपणा, इतकी वर्षं विष चोळतेस, लाज कशी वाटत नाही. शेजारणीलाही ऐकू गेलं असेल. डबा आईने मागितला नाही, स्टूल घेऊन शोधलाही नाही. डोकं दुखत होतं तिचं. पोट साफ होईना. दुपारी बाल्कनीत बसून ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची, गुंडाळायची आणि सोडायची.

चौथ्या दिवशी मी जेवायला वाढत असताना ती म्हणाली, "तू त्या चित्रांचंच काम करतीस न्हवं?"

"हो."

"किती वर्सं झाली?"

"सहा."

"मग मला कवा सांगितलं का न्हाईस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी ताट खाली ठेवलं आणि तिथेच ओट्याला टेकून रडले. तिला म्हटलं, मलाच कळलं नाही, आई. तुझ्या डब्यावर गुलाब होता. ती उठली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "गप. जेव आता. आमटी थंड व्हतीया."

रिपोर्ट आला. कर्करोग नव्हता. पण पेशी बदलायला लागल्या होत्या. मशेरी आता पूर्ण बंद, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, असं डॉक्टरने सांगितलं. पुन्हा सुरू केली तर पुढच्या रिपोर्टची हमी देता येणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं. मी ते आईला शब्दन् शब्द मराठीत सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. आईने मान हलवली आणि विचारलं, तिने काढलेला फोटो बघायला मिळेल का.

डॉक्टरने स्क्रीन फिरवला. आईने आपल्या तोंडाचा आतला भाग आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. ओढलेला ओठ, पांढरा, सुरकुतलेला चट्टा, तपकिरी दात आणि वर तो तिरका अर्धा दात. तिने चष्मा काढून पुसला आणि परत लावला. बराच वेळ बघत राहिली.

रिक्षात ती म्हणाली, "त्यो फोटू माज्या डब्यावर लाव."

"कशाला?"

"त्या पुड्यावरचं त्वांड कुणाचं, कोण जाणं. ह्ये माजं हाय."

दुसऱ्या दिवशी मी तो फोटो ऑफिसच्या संगणकावर उघडला. डबा सोबत नेला होता. त्याची मापं घेतली आणि सवयीने पंच्याऐंशी टक्के जागा आखली. झाकणाच्या वरच्या कडेला पंधरा टक्के उरले, त्यात गुलाबाच्या दोन पाकळ्या राहत होत्या. मग रंग तपासायला लागले. चट्टा स्क्रीनवर फार भडक दिसत होता. मी तो जरा उतरवला. पुन्हा जरा उतरवला. आता बरा दिसतोय असं वाटलं, आणि माझा हात माउसवरच थांबला. सहा वर्षं मी ज्या लोकांना लाल खुणा करून परत पाठवत आले, ते जे करायचे तेच मी करत होते. ते विक्रीसाठी करायचे. मला ते बघवत नव्हतं म्हणून मी करत होते. मी सगळे बदल पुसले आणि फोटो होता तसा छापला.

आईने स्वतःच्या हाताने तो चिकटवला, नखाने कडा दाबल्या. डबा धुऊन त्यात बडीशेप भरली. सवयीने हात डब्याकडे जायचा, तिथे ते तोंड दिसायचं, आणि ती चिमूटभर बडीशेप खायची. सगळे दिवस सोपे नव्हते. एकदा ती भांडी आपटत होती आणि मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "कायबी न्हाई. मशेरी पायजे मला, एवडंच." मग पुन्हा भांडी घासायला लागली. मी शेजारी उभी राहून विसळत गेले.

तीन महिन्यांनी चट्टा थोडा पातळ झाला होता. त्यानंतर मावशीच्या नातवाचं बारसं निघालं आणि आई दहा दिवसांसाठी गावी गेली. मला तिला पाठवायचं नव्हतं. तिथे दुपारी सगळ्या बायका मावशीच्या ओट्यावर बसतात आणि प्रत्येकीच्या कमरेला किंवा पुढ्यात एक डबा असतो. कुणाचा औषधाचा, कुणाचा पावडरीचा, कुणाची नुसती प्लास्टिकची डबी. एकावरही काही लिहिलेलं नसतं. मी आईच्या पिशवीत बडीशेपेचे दोन पुडे जास्तीचे घातले आणि रोज फोन करायचं ठरवलं.

पहिले तीन दिवस ती नीट बोलली नाही. इकडे गडबड आहे, पाहुणे आहेत, ठेवते. माझं कामात लक्ष लागेना. चौथ्या दिवशी तिचाच फोन आला, मी ऑफिसात जेवत होते.

"लावली मी," ती म्हणाली. "पैल्या दिवशी. तुज्या मावशीच्या डब्यातली. एकडाव."

मी हातातला घास परत डब्यात ठेवला.

"मग म्होरं डबा व्हता माजा. बडीशेप द्याया काढल्याला. त्यो बगितला आन् थुकून आले. त्यावर पुन्यांदा न्हाई लावली."

"बरं केलंस," मी म्हटलं.

"ऐक. डबा समद्यांनी बगितला. आदी हसल्या. मग तुजी मावशी म्हनली, ह्यो दात तर तुजा हाय गं. मग कुणी हसंना. आता त्या इचारत्यात, मशेरीनं आसं व्हतंय व्हय? त्यास्नी ठावंच न्हाई. मला तरी कुटं ठावं व्हतं. तसलं आनि अकरा छाप. पोस्टानं धाड. मी डबं मोजलंत."

मी जेवणाचा डबा बाजूला सारला आणि कागद ओढला. अकरा डब्यांची मापं वेगवेगळी होती. ती एकेक डबा हातात घेऊन, बोटांनी मोजून सांगत होती, मागे बायकांचा गलका चालला होता. सगळं लिहून झाल्यावर मी विचारलं, खाली काही लिहायचं का.

"लिही, ही मशेरी तंबाकूच हाय. मोट्या अक्षरात."

"आणि तुझं नाव?"

"नाव कशाला?" आई म्हणाली. "त्यो दात आख्खी गल्ली वळकती."